डल म्हणजे नेमकं काय

सोमवार, ३ नोव्हेंबर १९५८

कधी नव्हे ते अर्ध्या दिवसाची रजा टाकून अहल्येच्या कॉन्व्हेंटात गेलो. मदरनी बोलावलं होतं. इस्त्रीचा कोट, पॉलिश केलेले बूट, मिशीला पीळ. मला वाटलं, पोरगी हुशार आहे, वरच्या वर्गात घालायचं म्हणत असतील. निघताना बायकोनं, सोयरानं, टोमणा मारलाच, "अहो, इतकं नटून चाललात, बक्षीस आणायला की काय?"

बक्षीस मिळालं. मदर म्हणाल्या, "मिस्टर राव, युवर डॉटर इज डल."

मी "येस, मदर" म्हणालो. कारखान्यात इतकी वर्षं साहेबांशी इंग्रजीत बोलतोय, पण दुसरं काही सुचलं नाही. त्या सांगत राहिल्या. प्रश्न विचारला की अहल्या नुसती बघत राहते. बाकीच्या मुली उभ्या राहिल्या की उभी राहते, बसल्या की बसते. डिक्टेशनमध्ये शून्य. फळ्यावरचं मात्र अक्षर न अक्षर उतरवून काढते. "शी ओन्ली कॉपीज." हुशार मुलींचा खोळंबा नको म्हणून तिला शेवटच्या बाकावर हलवलं आहे. मार्चच्या परीक्षेत पास झाली तर ठेवतील, नाहीतर आपणच नाव काढून घ्यायचं.

ही जागा मिळावी म्हणून मी साहेबांच्या किती मिनतवाऱ्या केल्या होत्या! राजाजीनगरच्या आमच्या कामगार वस्तीतून कॉन्व्हेंटात जाणारी ही एकटी. आमच्या बेंगळूरच्या मराठे मंडळींनी तेव्हाच नाकं मुरडली होती, म्हणाले मल्हाररावांचा नाकापेक्षा मोती जड झाला. आता त्यांना हसायला आयतं कारण मिळेल.

येताना डोक्यात तो एकच शब्द. डल. तो माझ्या रोजच्या ओळखीचा आहे. मी टूलरूममध्ये ग्राइंडर. कटर, ड्रिल, लेथची हत्यारं बोथट झाली की माझ्याकडे येतात, सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, 'डल'. मी ती चाकावर धरतो आणि परत पाठवतो तेव्हा त्यांनी केस कापावा. डल म्हणजे काही रोग नाही. धार गेलेली असते, लावली की येते. माझ्या हाताखालून आजवर एक हत्यार बोथट परत गेलेलं नाही, आणि ही तर माझीच पोरगी आहे. मार्चपर्यंत हिला धार लावून दाखवतो. हे बाहेर कुणाला सांगायचं नाही, म्हणून इथे लिहायला घेतलं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

पहिल्याच घासाला खडा लागला.

कारखान्यातून आलो, चहा घेतला. (सोयराचं त्यावर रोजचं ठरलेलं: "चहा तुम्ही पिता का मिशी पिते?" माझी मिशी दोन्ही ओठ झाकून खाली येते. तात्यांची, म्हणजे माझ्या वडलांची, अशीच आहे. आमच्याकडे मिशीला कात्री लावत नाहीत.) मग अहल्येला पाटी घेऊन बसवलं. वर्गात असतं तसंच करायचं म्हणून तिच्या पाठीमागे येरझारा घालत शब्द सांगू लागलो. कॅट. विंडो. गार्डन. पोरगी पेन्सिल धरून ढिम्म. मग मान वळवून माझ्या तोंडाकडे टक लावून पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या, आणि कालचा धडा पाटीवर सुबक अक्षरात उतरवून माझ्यापुढे धरला. वर हसली!

स्वैपाकघरात मात्र वेगळीच तऱ्हा. सोयरा चुलीशी बसून रागीचे मुद्दे, म्हणजे नाचणीच्या पिठाचे गोळे, वळत होती, ही तिच्यासमोर. सोयरा म्हणाली, "सात मुद्दे केले, अप्पांनी तीन खाल्ले. तुला मला किती उरले?" ही फटकन म्हणते, "चार. पण अप्पा तीन खात नाहीत, दोनच खातात." अप्पा म्हणजे मी, आणि खातो दोनच. म्हणजे बुद्धी आहे की! मी ओसरीवरून हाक मारली तर ओ नाही. दुसरी मारली, तरी नाही. सोयरानं पिठाच्या हातानं तिच्या गुडघ्यावर थोपटलं, तेव्हा बाईसाहेब धावत आल्या. आईनं हात लावल्याशिवाय हलायचं नाही ही सवय. लाडानं पोर डोक्यावर बसलंय, आणखी काय.

रविवार, ९ नोव्हेंबर

कृष्णाजी मास्तरांकडे गेलो. आमच्या पलीकडच्या गल्लीत राहतात, हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. त्यांच्याकडे दोन हातांनी उचलावा लागतो असा इंग्रजी कोश आहे. मी सहज विचारतोय असं दाखवत म्हटलं, "मास्तर, डल म्हणजे नेमकं काय हो? आणि हा शब्द आला कुठून?"

मास्तर खूश. असलं कुणी विचारायला येत नाही त्यांच्याकडे. चष्मा लावून वाचू लागले आणि मराठीत सांगू लागले. बुद्धीनं मंद. बोथट पातं. फिका रंग. ढगाळ हवा. बाजारात उठाव नसणं. ठणकत नाही पण जातही नाही असं दुखणं. बद्द वाजणारी घंटा. कमी ऐकणारा कान. कंटाळवाणं पुस्तक. एवढ्याशा शब्दाला इंग्रजांनी किती घरची कामं लावली आहेत! मला गंमत वाटली.

मी म्हटलं, "पण मुळात पात्याचाच ना? आधी सुरी बोथट, मग त्यावरून माणसाला म्हणायला लागले असतील."

मास्तरांनी बोट फिरवत खालची बारीक अक्षरं वाचली. "नाही हो, मल्हारराव. उलटं आहे. जुन्या इंग्रजीत हा शब्द माणसासाठीच होता. मूर्ख, ज्याच्या डोक्यात शिरत नाही असा. जर्मनांकडे याचाच भाऊबंद आहे, त्याचा अर्थ वेडा. पात्याला हा शब्द मागाहून लागला, माणसावरून."

कोशात काय आहे यानं पोरीत काय फरक पडतो, हे मला कळतं. तरीही वाईट वाटलं. सहा दिवस मी सुरीच्या भरवशावर होतो.

मग न राहवून सगळं सांगितलं. मास्तर विचार करून म्हणाले, "घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, शाळेत इंग्रजी. लोक दोन दगडांवर पाय ठेवून पडतात, तुम्ही पोरीला तिसरा दगड दिलात. तिला कळत नाही असं नाही, कुठल्या भाषेतलं ते कळायलाच वेळ लागतो. एक भाषा काढा."

"कुठली काढू?"

"परीक्षा कुठल्या भाषेत आहे? मराठीत तर नाही ना?"

पटलं.

बुधवार, १२ नोव्हेंबर, पाडवा

मराठी काढायची म्हटल्यावर सोयराचं तोंड उतरलं. ती म्हणाली, "अहो, मला वेगळंच वाटतं. तिच्या कानात काही असेल का? गोवर आला होता त्याच्या आधी कशी गाणी म्हणायची. आता देवळात जाऊन केवढ्यानं ओरडून बोलते, सगळे वळून बघतात."

मी म्हटलं, हातच्या कांकणाला आरसा कशाला? अहल्या अंगणात रांगोळीत रंग भरत होती. मी मागून पाय न वाजवता गेलो आणि भिंतीपाशी लक्ष्मीबाँब लावला. धडाम! पोरगी ताडकन उडाली, रंग सांडला, छातीवर हात ठेवून मागे बघायला लागली. मग मला बघून खो खो हसली. आणखी खात्री म्हणून दुपारी तिच्या पाठीमागे पितळी घंगाळ फरशीवर टाकलं. तेव्हाही वळली.

सोयरानं पाहिलं. "सरी, बरं," एवढंच म्हणाली आणि सांडलेला रंग भरायला बसली. कानाचा प्रश्न मिटला. मनावरचं एक ओझं उतरलं म्हणायचं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

आजपासून अहल्येशी घरात मराठी बंद. मी इंग्रजीत बोलणार, सोयराला इंग्रजी येत नाही म्हणून तिनं कन्नडात.

सोयरा म्हणाली, "कन्नडात मला भाजीवालीशी भांडता येतं. पोरीचे लाड करता येत नाहीत."

"लाडच कमी करायचे आहेत," मी म्हटलं.

सोमवार, १ डिसेंबर

घर शांत झालंय. शाळेतून आली की अहल्या आईचा पदर धरून समोर बसायची आणि सगळा दिवस सांगायची, ते थांबलं. सोयरा "इल्ली बा", "ऊट माडु" एवढंच बोलते, इकडे ये, जेव, आणि मान खाली घालून कामाला लागते. डोळे ओले होतात म्हणून मान खाली. मला कळत नाही का?

मी इंग्रजीत काहीही विचारलं तरी अहल्या हसून "येस, अप्पा" म्हणते. आज विचारलं, "व्हॉट इज युवर नेम?" "येस, अप्पा." कारखान्यात नवीन उमेदवार साहेबापुढे असंच करतात, कळो न कळो, हसून येस सर. पण ते भितात म्हणून. ही मला भिते? मी तिला कधी बोटसुद्धा लावलेलं नाही.

मास्तर म्हणतात, सुरुवातीला असंच होतं, दम धरा.

बुधवार, १० डिसेंबर

पहाटे गावाकडून, देवनहळ्ळीहून, माणूस आला. तात्या गेले. निघतोय.

शुक्रवार, २६ डिसेंबर

देवनहळ्ळीहून काल परतलो. लिहायला आज बसतोय.

तात्या, नागोजीराव, पिकलं पान होते, पण बाप गेल्यावर माणूस एकदम उघड्यावर येतो. माझी थोरली बहीण गोदूअक्का विधवा होऊन माहेरीच राहिलेली, आता त्या घरात आणि चकोत्याच्या, म्हणजे पपनसाच्या, झाडांत ती एकटी. दहाव्याला माझं क्षौर झालं. न्हाव्यानं मिशीला वस्तरा लावला तेव्हा मला रडू फुटलं. आरशात बघितलं तर कुणी परकाच माणूस, वरचा ओठ पांढराफटक.

सोयरा आणि अहल्या तेराव्याला आल्या. अहल्या मला बघून थांबलीच. जवळ आली, माझ्या वरच्या ओठावर बोट फिरवलं आणि कितीतरी वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी दुःखात होतो, नियम विसरलो, मराठीतच म्हणालो, "तात्या गेले गं अहली. आता मला रागवायला कुणी उरलं नाही."

ती लगेच म्हणाली, "आई रागवेल की."

रडता रडता मला हसू आलं. मग ती माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि आम्ही खूप बोललो. तात्यांनी मला विहिरीत ढकलून पोहायला शिकवलं ते सांगितलं. "बुडला असता तर?" तिनं विचारलं. दोरी कुठली होती, कुणी धरली होती, सगळं विचारलं. असं ती माझ्याशी कधी बोललीच नव्हती. तात्यांनी जाताना मला माझी पोरगी देऊन टाकली असं वाटलं.

गुरुवार, ८ जानेवारी १९५९

चमत्कार म्हणावा असं चाललं आहे. इंग्रजीचा नियम पुन्हा सुरू केला, आणि आता अहल्या उत्तरं देते! ओपन द डोअर म्हटलं की उघडते, ब्रिंग माय शूज म्हटलं की आणते. संध्याकाळी थंडी असते म्हणून येरझारा न घालता तिच्यासमोर शेगडी घेऊन बसतो. डिक्टेशनला चुका होतात, बॅट सांगितलं की मॅट लिहिते, पिगचं बिग करते, पण लिहिते तर खरी.

मास्तरांना सांगायला गेलो. ते म्हणाले, "पाहिलंत? तिसरा दगड काढला, पोरगी उभी राहिली." मी त्यांच्या पायाला हात लावला.

कोशाला म्हणावं, शब्द आधी माणसाचा असेल, धार मात्र माणसालाही लागते.

शुक्रवार, ३० जानेवारी

मिशी चांगली भरत आली आहे. कारखान्यात सगळे म्हणतात, आता परत मल्हारराव दिसायला लागलात. आज आरशापुढे पीळ बसतो का बघत होतो, तर अहल्या मागे येऊन उभी. आरशातून माझ्याकडे बघून म्हणाली, "अप्पा, मिशी नको."

मी इंग्रजीत विचारलं, का?

"मिशी असली की तुम्ही बोलतच नाही."

खरं आहे तिचं. मिशीत मी रागीट दिसतो. तात्यांचीही आम्हाला अशीच भीती वाटायची. पण बाप जाऊन महिना उलटल्यावरही मिशी राखली नाही तर लोक म्हणतील याचं सुतक अजून फिटलं नाही का. मी तिच्या गालाला हात लावला आणि म्हटलं, आय विल टॉक, आय विल टॉक. तिनं नुसती मान हलवली.

रविवार, २२ फेब्रुवारी

काय झालं कळत नाही. सगळं पुन्हा होतं तिथे. पालथ्या घड्यावर पाणी.

पंधरवडाभर बघतोय. रोज एक पायरी खाली. आधी शब्द दोनदा सांगावे लागले, मग तीनदा, आता नुसतं टक लावून माझ्या तोंडाकडे बघणं आणि "येस, अप्पा." मी वेळ वाढवला. रविवारी सकाळीसुद्धा बसवतो. जितका जोर लावावा तितकी ती मिटते.

आज मी तिला मारलं. विंडो हा शब्द किती वेळा सांगितला, आणि तिनं पाटीवर काय काढलं तर माझं चित्र. मोठी मिशी आणि खाली काहीच नाही. तोंडच नाही. वडलांची चेष्टा करते असं वाटून माझं डोकं फिरलं. गालावर बोटं उमटली. ती रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली, मी आता काय म्हणतो ते बघायला.

सोयरानं तिला उचलून आत नेलं आणि दार लावून घेतलं. आतून मराठी ऐकू येत होती. नियम मोडला म्हणून मी ओरडलो नाही. ओरडायला तोंड कुठं होतं मला?

मंगळवार, ३ मार्च

आज कारखान्यात एक कटर जाळला. चाकावर जास्त दाबला, पाणी सोडायचं राहिलं, पातं निळं पडलं. निळं पडलेल्या पात्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं, मग त्याला कितीही धार लावा, टिकत नाही. इतक्या वर्षांत माझ्या हातून असं झालं नव्हतं. फोरमन माझ्याकडे बघून गेला.

अहल्येचंही मी तेच केलं का? दमानं घेतलं असतं तर जानेवारीतली धार राहिली असती का? रात्रंदिवस हेच. पण काय चुकलं ते समजलं तर ना सुधारणार! हत्यार हातात घेऊन उन्हाकडे धरलं की धार कुठं गेली ते दिसतं मला. पोरीला कुठल्या उजेडाकडे धरू?

शनिवार, २८ मार्च

नापास. लेखी गणितात वर्गात दुसरी आली. पण तोंडी आणि डिक्टेशन शून्य. मदरना मी गणिताचे मार्क दाखवले. त्या दयेनं म्हणाल्या, "काही डल मुलं आकड्यांत बरी असतात, मिस्टर राव." त्या वाईट बाई नाहीत. त्यांनी अहल्येच्या डोक्यावरून हात फिरवला, तिला एक देवाचं चित्र दिलं. अहल्या त्यांच्याकडे बघून छान हसली आणि "येस, मदर" म्हणाली.

मला वाटलं, ते 'येस' हिनं माझ्याकडूनच उचललं असणार.

रविवार, ५ एप्रिल

राजाजीनगरातल्या कन्नड शाळेत घालू म्हणून परवा हेडमास्तरांकडे नेली. ते टेबलावरच्या कागदांत डोकं घालूनच तिला प्रश्न विचारत होते. नाव काय, वडलांचं नाव काय. ही गप्प. त्यांनी वर बघून तोच प्रश्न विचारला तेव्हा तिनं सांगितलं. ते म्हणाले, "स्वल्प मंद आहे हो हुडुगी, ही पोरगी. पहिलीत बसवा, छोट्या पोरांबरोबर." आठ वर्षांची घोडी पहिलीत!

इंग्रजी डल, कन्नड मंद. मराठीत कुणी म्हणायचं राहिलं होतं, ते आज गोदूअक्का आली आणि म्हणाली. अक्का तोंडातलं पान थुंकल्याशिवायच बोलते, तिचं निम्मं बोलणं मलाच कळत नाही. पण हे कळलं. "मठ्ठ पोरीला शाळेत कुजवून काय करशील, मल्हारी? मला दे. मी एकटी आहे. शेण-पाणी शिकेल, चार वर्षांनी कुणीतरी करून घेईल. इथं ठेवलीस तर तू तिला मारून टाकशील."

मी पोरीला मारल्याचं अक्काला कुणी सांगितलं? सोयराकडे बघितलं तर ती जमिनीकडे बघत होती.

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि नाही म्हणजे मग काय करणार, ते सुचेना. माझ्याकडचे उपाय संपले आहेत. कोश बघून झाला, भाषा काढून झाली, प्रेम केलं, मारलं. तात्या असते तर त्यांना विचारलं असतं. मास्तरांना विचारलं, ते म्हणाले, "मल्हारराव, कधी कधी आपल्या हातात नसतं."

सोयरा एवढंच म्हणाली, "माझ्याशी बोलते ती. माझ्याशी तर सगळं बोलते." आईला सगळंच बोलल्यासारखं वाटतं. त्यावर शाळा चालत नाही.

अहल्येला मीच सांगितलं. आता इंग्रजीचा काय उपयोग, मराठीतच सांगितलं, अक्काकडे राहायला जायचं, चकोत्याची झाडं आहेत, विहीर आहे. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं, मग आईच्या तोंडाकडे. सोयरानं तिच्यासमोर बसून तेच परत सांगितलं. तेव्हा तिचा चेहरा बदलला. "किती दिवस?" तिनं विचारलं. सोयरा उठून आत गेली.

रविवार, १९ एप्रिल

स्टँडवर पोचवून आलो.

इथल्या शिवाजीनगरच्या स्टँडवर ही गर्दी. देवनहळ्ळीच्या गाडीत अक्का आणि अहल्या चढल्या, खिडकीजवळ जागा मिळाली. आम्ही दोघं खाली, मध्ये हमाल, टोपल्या, माणसं, जवळ जाता येईना. ड्रायव्हरनं इंजिन सुरू करून ठेवलेलं, शेजारच्या आणखी दोन गाड्यांचंही, कानठळ्या बसत होत्या. मी सोयराच्या खांद्याला खांदा लावून उभा होतो. ती खिडकीकडे बघून काहीतरी बोलत होती, पण मला तिचं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. मला वाटलं, वेडी, उगाच बोलतेय, तिथपर्यंत काय जाणार.

आणि तिकडून अहल्या हसली आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशी ओरडली, "नाही बांधणार! वाळल्यावरच बांधीन!"

मी सोयराच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून विचारलं, काय म्हणालीस? तिनं माझ्या कानात सांगितलं, "केस ओले असताना वेणी बांधू नको, म्हटलं."

मी थक्क झालो. शेजारी उभं राहून मला जे ऐकू आलं नाही, ते हिनं तिथून ऐकलं!

गाडी हलली. अक्कानं तोंडातल्या पानातून तिला काहीतरी सांगितलं, अहल्येनं तिच्याकडे वळून बघितलं, कपाळाला आठी घातली, मग हसून मान हलवली. आता तिची पाठ आमच्याकडे होती. मला एकदम भडभडून आलं. मी गर्दीतून वाट काढत गाडीमागे धावलो आणि हाका मारल्या. अहल्या! अहली! टोपलीवाल्या बाया वळून बघायला लागल्या, कंडक्टर वळला, अक्कासुद्धा वळली. अहल्या वळली नाही. गाडी वळणावर जाईपर्यंत मी ओरडत होतो.

घरी येताना सोयराला म्हटलं, दिवाळीत तू कानाची शंका काढली होतीस ना? आज तर उलटंच दिसलं. माझ्यापेक्षा तिखट कान आहेत तिचे. ती म्हणाली, "हं," आणि पदर डोळ्यांना लावून चालत राहिली. तेव्हा मदर म्हणाल्या तेच खरं असणार. ते मला आता सोसेल. त्या दिवशीच्या थपडेचंही तिच्या मनातून जाईल, लहान आहे.

पण एवढे कान असलेल्या पोरीनं माझ्या हाका ऐकल्या नाहीत, असं मी स्वतःला कसं सांगू? तिनं ऐकल्या, आणि वळायचं नाही असं ठरवलं.